परत आल्याचं पान

लेखिकाबाईंनी आरशासमोर उभं राहून घसा साफ केला, चष्मा नाकावर ढकलला आणि हातातला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

"'भाड्याच्या उशा' हे पुस्तक मी दुसऱ्यांदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त आवडलं..."

आवाज फार चढला. बाईंनी तो खाली आणला. उद्या वाचनालयात वाचायचं होतं, बाजारात भाजी विकायची नव्हती.

ग्रंथपाल म्हणाले होते, "बाई, तुमच्या प्रवासातलं काही सांगा आणि वाचकांचे चार अभिप्रायही वाचा. लोकांना बरं वाटतं." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. बाई गेले आठ दिवस दुसरं काही करतच नव्हत्या.

जन्मभर त्यांनी शिलाई मशीनच्या कंपनीत नोकरी केली. नवं मशीन निघालं की ते लाकडी पेटीत घालायचं, बसमध्ये चढवायचं, कुठल्या तरी गावच्या दुकानात मांडायचं आणि जमलेल्या बायकांना चालवून दाखवायचं. मग लॉजवरच्या उशीवर डोकं टेकायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव, दुसरी उशी. निवृत्त झाल्यावर त्यांनी या सगळ्याचं पुस्तक केलं. ते प्रकाशकांकडून साभार परत आलं. एकानं तर कळवलं, की प्रवासवर्णन म्हणावं तर यात प्रेक्षणीय स्थळ एकही नाही. "मशीन बघायला गर्दी व्हायची ती काय आंधळ्यांची होती?" असं म्हणून बाईंनी पदरमोड करून पुस्तक स्वतःच छापलं. इमारतीतले लोक त्यांना लेखिकाबाई म्हणायला लागले. अर्धे कौतुकानं म्हणत, अर्धे टोमणा मारत. बाईंनी सगळं कौतुकातच जमा केलं.

पुस्तक त्यांनी लिहिलं असं मात्र म्हणता येणार नाही. त्या ते बोलल्या. गच्चीवर फेऱ्या मारत फोनमध्ये बोलायच्या आणि ते त्यांची मुलगी टाइप करायची. मुलीला घरात ठकी म्हणत. ठकी चाळिशीला आली, पण नाव तेच राहिलं. इस्पितळात डॉक्टर लोक आपले अहवाल बोलून ठेवतात आणि ती ते कानात इअरफोनची बोंडं घालून टाइप करते, ही तिची नोकरी. आईचं पुस्तकही तिनं तसंच केलं. चांगलं झालंय म्हणाली नाही, वाईट झालंय म्हणाली नाही. एकेक तुकडा संपला की विचारायची,

"ठेवायचं की काढायचं?"

बाई सांगायच्या. ठकी तसं करायची. छापून आलेली पहिली प्रत बाईंनी तिला सही करून दिली. आठवड्यात ती प्रत आत्याच्या कपाटात दिसली. "वन्सं, हे इथं कसं?" बाईंनी विचारलं होतं. "ठकीनंच दिलं की," वन्सं म्हणाल्या. बाईंना लागायचं ते लागलंच.

म्हणून तर बाईंचा सगळा जीव या अभिप्रायांत होता. पुस्तक विकणाऱ्या साइटवर ते यायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे 'छान', 'मस्त' त्या धरत नसत, ती माणसं जिन्यात रोज भेटतात. पण तिघंजण अगदी अनोळखी होते. एक 'जुना प्रवासी', एक 'दोन मुलांची आई' आणि तिसरी 'खिडकीजवळची जागा'. ही तिसरी तर बाईंच्या गळ्यातला ताईतच. बाई तिला तिथंच खाली लांबलचक उत्तरं लिहीत. एकदा लिहून गेल्या, 'माझी मुलगी टाइप करते, पण वाचत नाही. तुमच्यासारखी वाचणारी मुलगी मला हवी होती.' त्यावर तिचं उत्तर आलं होतं, 'वाचत असेल. सांगत नसेल.' किती समजूतदार बाई! बाईंनी ते वन्संनाही वाचून दाखवलं होतं.

आज दुपारी तिचाच नवा अभिप्राय आला होता. उद्याच्या कार्यक्रमाच्या तोंडावर आला, याचंही बाईंना अप्रूप वाटलं. आनंदाच्या भरात त्यांनी तो भराभर उतरवून घेतला होता. नीट वाचत होत्या त्या आत्ता.

"...सगळ्यात लक्षात राहतं ते स्टँडवरचं पान. परतीची गाडी समोर उभी आहे, आणि लेखिका मशीनच्या पेटीवर पाय टेकून बाकावर बसून आहे. गाडी जाते. दुसरी येते, तीही जाते. 'तेवढा वेळ मी कुणाचीच नव्हते आणि मला बरं वाटत होतं,' हे वाक्य..."

बाई थांबल्या.

त्यांनी ते पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. मग पलंगावर बसून पुस्तक उघडलं. स्टँडवरचं प्रकरण काढलं. गाव आहे, दुकान आहे, लॉजची ती ढेकणांची उशी आहे. स्टँडही आहे, तिथला पांचट चहा आहे. बाक नाही. सोडून दिलेली गाडी नाही. नसणारच. ते बोलून झाल्यावर बाईंनाच कसंसं झालं होतं. ठकीनं नेहमीसारखं विचारलं, ठेवायचं की काढायचं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "काढून टाक गं. कुणाच्या कामाचं आहे ते?"

जगात ते पान दोघींनाच ठाऊक होतं. एक बोलणारी आणि एक ऐकणारी.

कागद मांडीवर, चष्मा हातात, अशा बाई बसून राहिल्या. मग दाराची कडी वाजली.

ठकी उद्याची साडी इस्त्री करून घेऊन आली होती. ती नेहमीसारखी चपला दारातच काढून आत आली आणि साडी खुर्चीच्या पाठीवर घातली.

"निऱ्यांपाशी डाग होता, काढलाय. झाली का तयारी?"

"होतेय," बाई म्हणाल्या. "हे जरा वाचून दाखव. माझं मलाच ऐकू येत नाही कसं वाटतंय ते."

ठकीनं कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचायला लागली. अडखळली नाही. स्टँड आला, पेटी आली, पहिली गाडी गेली, दुसरी गेली. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"छान लिहिलंय नाही?"

"हं. बरं लिहिलंय."

"कितव्या पानावर आहे गं ते?"

"काय?"

"ते बाकावरचं. उद्या कुणी विचारलं तर तयारी असावी."

ठकीनं पलंगावरचं पुस्तक उचललं. शोधायची गरज नसल्यासारखी पानं उलटली, तिला हवं होतं तिथं थांबली. पुढचं पान उलटलं. मागचं उलटलं. मग तिची बोटं सावकाश झाली.

"काढलं होतंस ना तू ते," ती म्हणाली.

"हो. मीच काढलं होतं."

ठकीनं पुस्तक मिटून होतं तिथं ठेवलं. बाहेर कुणीतरी जिना उतरत गेलं.

"आणि जुना प्रवासी?" बाईंनी विचारलं.

ठकी साडीची घडी सारखी करत राहिली.

"दोन मुलांची आई?"

"आई, अगं..."

"दोन मुलांची आई! एक सांभाळताना नाकी नऊ येतात तुझ्या!" बाईंचा आवाज फुटला. "माझं हसं केलंस तू. मी काय काय लिहिलं त्या बाईला! मनातलं, कुणाला न सांगितलेलं. तुझ्याबद्दलसुद्धा. आणि तू तिकडे बसून वाचत होतीस. वर मला शहाणपणा शिकवत होतीस, वाचत असेल, सांगत नसेल. केसानं गळा कापलास गं माझा. उद्या गावासमोर उभी राहून मी माझ्याच पोरीचे अभिप्राय वाचणार होते. भिकाऱ्याच्या थाळीत त्याच्याच घरच्यांनी नाणी टाकावीत तशी गत."

"तू जेवत नव्हतीस," ठकी म्हणाली.

"कधी?"

"पुस्तक आल्यावर. तो दोन ताऱ्यांचा अभिप्राय आला तेव्हा. अंथरुणातून उठत नव्हतीस. म्हणून लिहिलं. एकच लिहिणार होते. तू इतकी खूश झालीस, मग थांबता आलं नाही."

तो दोन ताऱ्यांचा! बाईंना तो शब्द न् शब्द पाठ होता. साइटवरचा पहिलाच अभिप्राय, 'एक ग्राहक' या नावाचा. 'छपाई स्वच्छ. उशांची वर्णनं फार. लेखिका गावोगाव जाते, पण घरी परत आल्याचं पुस्तकात एकही पान नाही. ते असतं तर आणखी एक तारा दिला असता.' मेल्याच्या जिभेला काही हाड, असं म्हणून बाईंनी त्याला उत्तरही दिलं नव्हतं.

"म्हणजे अनोळखी असा तोच एक," बाई कडवट हसल्या. "इतक्या माणसांत माझं पुस्तक खरं वाचणारा एकच निघाला, आणि त्याला ते आवडलं नाही."

ठकीनं साडीवरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"आत्याला मी दिली ती प्रत सहीची होती," ती म्हणाली. "तुला राग आला होता ना? मी माझ्यासाठी विकत घेतली होती. फुकट मिळालेल्या पुस्तकाबद्दल काही बोलायची लाज वाटते."

बाईंना कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू मुलीला आत्ताच पाहत होत्या.

"तू? तो ग्राहक?"

"त्या दिवशी उशिरा आलीस तेव्हा म्हणाली होतीस, गाडी चुकली." ठकीचा आवाज अहवाल वाचावा तसा सपाट होता. "आत्या पण तेच सांगत होती, गाडी चुकली असेल, येईल. मी तेच धरून मोठी झाले. शाळेत निबंध लिहिला होता त्याच्यावर, माझ्या आईची गाडी चुकते. आणि मग एक दिवस कानात बोंडं घालून बसले, तर तू सांगत होतीस, की चुकली नव्हती. वर म्हणालीस, काढून टाक, कुणाच्या कामाचं आहे?"

"मी दमले होते गं."

"माहीत आहे. तेही टाइप केलंय मी."

चपला पायांत सरकवून ती गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं. आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. एवढं सगळं करून ही पोर शेवटी माझ्यावरच उलटली, असं त्या भिंतीला म्हणाल्या. भिंतीनं हो म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. दुसरी कुठली काढायचा त्यांनी सकाळभर विचार केला होता, पण निऱ्या हिच्याच बसतात. ठकी सगळ्यांत मागे, नेहमीच्या कामासारखा फोन समोर धरून बोलणं रेकॉर्ड करत बसली होती. दोघींनी एकमेकींना ओळख दिली नाही.

बाईंनी उशांबद्दल सांगितलं, लोक हसले. मशीनमध्ये पदर अडकलेल्या दुकानदारिणीचं सांगितलं, आणखी हसले. मग ग्रंथपाल म्हणाले, "आता वाचकांचे अभिप्राय."

बाईंनी पर्समधून कागद काढले. वरचे तिन्ही त्यांनी घडी करून परत ठेवले. मग कागदाशिवायच बोलल्या,

"हा एका ग्राहकाचा आहे. दोन तारे दिलेत त्यानं."

आणि त्यांनी तो म्हणून दाखवला, छपाई स्वच्छपासून शेवटपर्यंत. ग्रंथपालांना खोकला आला. पुढच्या रांगेतल्या एक बाई तडकून म्हणाल्या, "त्याला काय करायच्यात नसत्या चौकशा?" सगळे हसले.

"नाही, बरोबर आहे त्याचं," लेखिकाबाई म्हणाल्या. हसू थांबेपर्यंत त्या थांबल्या. "परत आल्याचं पान नाही. परत न येण्याचं एक होतं, ते मी काढलं. एकदा गाडी समोर उभी होती आणि मी चढले नाही. दुसरीतही चढले नाही. अंधार पडला तेव्हा तिसरीत बसले. घरी आल्यावर सांगितलं, गाडी चुकली." त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. "गाडी चुकली नव्हती."

लोकांना यावर टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना. बाई पेला उचलून पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुन्हा एका उशीची गोष्ट काढली.

कार्यक्रम संपल्यावर दोघी वाचनालयाच्या पायऱ्या एकीमागून एक उतरल्या. बाईंचा राग गेला नव्हता. तीन माणसं काल जिवंत होती, आज नव्हती, आणि ती हिनं मारली होती. खालच्या पायरीवर ठकीनं फोन पुढे केला.

"शेवटचा भाग ठेवायचा की काढायचा?"

"ठेव," बाई म्हणाल्या. चार पावलं चालून गेल्यावर थांबल्या. "पण पुढचं मला आठवत नाही. घरी आले तेव्हा दार कुणी उघडलं होतं गं? बाबांनी की आत्यानं?"

"कुणीच नाही," ठकी म्हणाली. "मी दारातच बसले होते."