तोंड खोडलेला नबाब

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना पत्रा, ताटाएवढा. दोनशे वर्षे उलटून गेली, पण अंगावरच्या रेघा शाबूत आहेत. फक्त एका जागी, तोंडाच्या जागी, मी गुळगुळीत आहे.

लंडनच्या एका बोळात टॅबिथाबाईंचे चित्रांचे दुकान होते. नवरा वारलेला, पदरी तान्ही लेक. बाई स्वतःच माझ्यावर चित्र कोरत, रेघांत शाई भरत आणि लेकीचे तोंड पुसावे तशा हळुवार तळव्याने जादाची शाई पुसून मला छपाईच्या यंत्राखाली सरकवत.

माझ्यावर होते सर बार्नबी ग्रिम्शॉ. हिंदुस्थानात अधिकारी असताना दुष्काळात तांदूळ कोंडून गबर झालेले. अशांना लंडनकर 'नबाब' म्हणून हिणवत. चित्रात साहेब हत्तीवर, खिशांतून हिरे सांडताहेत आणि हत्तीने ओझ्याने गुडघे टेकलेत. छापलेले चित्र दुकानाच्या काचेत लागले आणि पुढे ही गर्दी! कोळसेवाला म्हणाला, "मला तर हत्तीचीच दया येते!"

एके सकाळी साहेब स्वतः थडकले. "ए बाई, माझं तोंड आत्ताच्या आत्ता खोड! नाहीतर कोर्टात खेचीन, दुकानाला कुलूप ठोकीन!"

पाळण्यात लेक रडू लागली.

"खोडते, साहेब. पण बाकीचं चित्र?"

"बाकीच्याचं काय करायचं ते कर. तोंड माझं आहे!"

बाईंनी मला खरवडले. आता मला वितळवून किटली करणार, अशी माझी खात्रीच झाली. पण घरातले दूध संपले होते आणि आणायला पैसे नव्हते. बाईंनी बिनतोंडाचेच चित्र छापून काचेत लावले.

"अरे, हा तर आमच्या गल्लीतला!" कोळसेवाला ओरडला.

"हॅट्! हा माझ्या मालकाचा मेहुणा!" पाववाली म्हणाली.

संध्याकाळपर्यंत आणखी तीन साहेब बग्गीतून उतरले. प्रत्येकाचे एकच, "हे माझं चित्र आहे!"

बाई लेकीला थोपटत म्हणाल्या, "कशावरून, साहेब? तोंड तर नाहीच."

"पण हिरे माझेच आहेत!" एक साहेब बोलून गेले, आणि अख्ख्या बोळात हशा पिकला.

कोर्टात जायचे तर आधी 'तो लुबाडणारा नबाब मीच' असे शपथेवर म्हणायला हवे. कोणी गेले नाही. कुलूप टळले, दूध आले.

आता मी संग्रहालयात असतो. परवा कोणीतरी चिंच घेऊन मला लख्ख करायला निघाले होते! मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण घासू नका. साहेबांचे तोंड पुसले गेले, ते चालून गेले. हत्तीचे गुडघे घासून पुसलेत, तर ओझे कोणी वाहिले ते कोण सांगणार?