कडूबाईचा पांगुळगाडा

बाभळीच्या लाकडाचा, तीन चाकांचा, अंगावर एरंडेलाचे डाग पडलेला एक जुना पांगुळगाडा म्हणजे मी. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. लेकरू उभं राहायला लागलं की त्याच्या हातात माझी आडवी दांडी द्यायची. मग त्यानं मला ढकलायचं, मी त्याला सांभाळायचं आणि दोघांनी मिळून अंगणभर हिंडायचं, एवढंच आमचं काम. लेकरू चालायला लागलं की आम्ही शेजारच्या घरी, तिथून पुढच्या घरी. आमच्या जातीचा गाडा एका घरात फार दिवस टिकत नाही. मी मात्र एकाच पोरीजवळ कितीतरी वर्षं राहिलो.

माझा जन्म गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याचा. म्हाळू सुतार चिंचेखाली वाकसानं लाकूड तासत बसला होता, तेव्हा केशरबाई त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "म्हाळू, एक पांगुळगाडा करून दे. पण उंच कर. लेकरू मोठं हाय."

"मोठं लेकरू कावून पांगुळगाड्यात घालता, मावशी? लोकं हसतील की."

"हसू दे. दात तेवढे लोकांचेच दिसतील."

म्हाळूनं बाभळीचा ओंडका पुढं ओढला. ते मोठं लेकरू म्हणजे केशरबाईची नात, कडूबाई. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून नजर लागू नये यासाठी तिचं नाव असं ठेवलेलं. जन्मताना ती घुसमटली होती म्हणे. तेव्हापासून तिचे पाय ताठ राहायचे, टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत आणि शब्दही तोंडातून जरा उशिरा बाहेर यायचे. बीडच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, हिला चालती ठेवा.

पहिल्या दिवशी तिनं माझी दांडी धरली ती इतकी घट्ट, की मला वाटलं ही आता सोडणारच नाही. अंगणात दोन हात गेलो, बसलो. पुन्हा उठलो. दसरा जवळ आला तोवर आम्ही अंगण पार करून रांजणापर्यंत पोचत होतो. पोचलो की ती रांजणावर थाप मारायची आणि मोठ्यानं हसायची. मलाही उगाच मोठं काही केल्यासारखं वाटायचं.

पण दसरा म्हणजे टोळ्या निघायचे दिवस. तिचे आईबाप, वत्सला आणि आश्रुबा, दरवर्षी ऊस तोडायला कारखान्यावर जायचे. त्या साली तर पावसानं सलग दुसऱ्यांदा ओढ दिली होती. शेतात काही उरलं नव्हतं, जावं लागणारच होतं. मागच्या हंगामात ते कडूला बरोबर घेऊन गेले होते. तिथं ती पहाटेपासून अंधार पडेपर्यंत गोधडीत गुंडाळून उसाच्या बैलगाडीखाली बसून होती. सगळा हंगाम बसून.

"गावात कोणत्या बालवाडीनं घेतलं तर ऱ्हाईल तुझ्याजवळ," आश्रुबा आईला म्हणाला. "न्हाई तर संगं नेतो. तू एकटी हिला घेऊन पाण्याला कशी जाशील?"

ते ऐकून माझ्या चाकांच्या आखात धडकी भरली. फडावर तोडलेल्या उसाची खुंटं असतात, तिथं माझं चाक एक हातभरही गेलं नसतं. मी इथं राहिलो असतो आणि कडू पुन्हा गाडीखाली.

गावात बालवाड्या दोन. पहिली भरायची दूध सोसायटीच्या खोलीत. एकेकाळी साऱ्या गावाचं दूध तिथं जमायचं. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, खोली रिकामी पडली, तेव्हा सोसायटीनं ती बालवाडीला देऊन टाकली. भिंतींना अजून आंबूस वास येत होता. पण दुधाचे कॅन टेम्पोपर्यंत न्यायला दारात सिमेंटचा उतार केलेला होता, आणि तो उतार मला पाहताक्षणी आवडला. मी घरांची पारख उंबऱ्यावरून करतो. इथं उंबराच नव्हता.

कडू तो उतार स्वतः चढली. वर पोचल्यावर माझं पुढचं चाक घसरलं आणि ती धपकन बसली. तिथल्या सत्यभामाबाई हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. त्या खाली बसल्या, पण त्यांनी तिला उचललं नाही.

"लागलं का गं?"

कडूनं नाही म्हणून मान हलवली.

"मग धर दांडी. मी हाय इथं."

सगळी पोरं टकमक बघत होती. कडूचा हात दांडीकडे यायला वेळ लागत होता. केशरबाईला ते बघवेना. तिनं पुढं होऊन नातीला कडेवर घेतलं. "लेकरू पडलंय अन् ही बाई उभं ऱ्हा म्हणती. काळीज हाय का दगड?" असं म्हणत ती मला दुसऱ्या हातानं ओढत निघून आली. मला तिथं थांबावंसं वाटत होतं, पण पांगुळगाड्याला विचारतो कोण?

दुसरी बालवाडी गावातल्या बड्या अर्जुनरावांच्या संस्थेची. नवी इमारत, भिंतींवर मोर आणि फुलपाखरं, दाराला तीन उंच पायऱ्या आणि वर भक्कम उंबरा. तिथल्या चंद्रभागाबाई धावतच बाहेर आल्या. "अगं माझी बाय ती! चालायचे कष्ट कावून देता हिला?" म्हणत त्यांनी कडूला अलगद उचललं आणि मांडीवर घेऊन बसल्या. केशरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतः अर्जुनराव म्हणाले, "आपल्या गावची लेक हाय. ऱ्हाऊ द्या."

झालं, ठरलं. वत्सलानं जाताना लेकीचं तोंड पुन्हा पुन्हा कुरवाळलं. पण ट्रकमध्ये चढली ती निश्चिंत मनानं. मी मात्र पायऱ्यांखालीच राहिलो.

मित्रांनो, चंद्रभागाबाईंना मी वाईट म्हणणार नाही. त्यांनी कडूला कधी खाली म्हणून ठेवलं नाही. आत नेताना कडेवर, मोरीवर नेताना कडेवर, खिचडीचा घास त्यांच्याच हातानं. सारं गाव म्हणायचं, बाई असावी तर अशी. केशरबाई तर बायकांना अडवून सांगायची. घरी आल्यावर मला पुढं करायला तिलाही वेळ मिळेना, कारण विहिरी आटल्या होत्या आणि टँकरमागं धावता धावता दिवस मावळायचा. कडू आता घरीही बसून राहायची आणि हात वर करायची, उचला म्हणून.

मला वेगळं काम मिळालं. एका बाईनं माझ्यावर भरलेली घागर ठेवून पाहिली. डोक्यावरचं ओझं माझ्या चाकांवर आलं, आणि मग काय विचारता! "मावशी, जरा गाडा द्या की" म्हणत आळीतल्या बायका माझ्यासाठी नंबर लावू लागल्या. "पांगुळगाडा न्हाई, रेल्वे हाय ही!" असं कोणी म्हणालं की मी फुगून जायचो. एवढं कौतुक माझं कडूनंही कधी केलं नव्हतं. त्या नादात माझं एक चाक तडकलं, दांडी सैल झाली, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

एका दुपारी टँकर ऐन शाळेच्या वेळी आला. पोरं आरडाओरडा करत त्याच्यामागं पळाली. चंद्रभागाबाईंनाही घरचं पाणी भरायचं होतं, त्याही घागर घेऊन धावल्या. मी रांगेत होतो. केशरबाईनं हंडा रांगेत ठेवला आणि नातीला बघून येते म्हणून ती शाळेत गेली. गेली ती उलट्या पावली धावत आली. माझ्यावरची घागर तिनं खाली उतरवली, मला उचललं आणि त्या तीन पायऱ्या चढून आत नेलं. त्या शाळेत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो.

मोरांच्या भिंतीखाली कडू एकटी बसली होती. खालची सतरंजी ओली झाली होती. ती रडत नव्हती. दाराकडे बघत बसली होती.

"कडे, हाक मारायची न्हाई का गं?"

"बाई पाण्याला गेल्यात. आल्यावर उचलत्यात."

"मोरी तर हितंच हाय. धरून धरून जायाचं व्हतं."

"मला न्हाई येत चालायला," कडू म्हणाली. आपलं नाव सांगावं इतक्या सहज म्हणाली.

केशरबाईनं तिचे कपडे बदलले, तिला उभं केलं आणि तिचे हात माझ्या दांडीवर ठेवले. ते हात मी ओळखले. पण पकड नव्हती. पाय थरथरले, गुडघे वळले आणि ती खाली बसली. दसऱ्याला रांजणापर्यंत जाणारी पोर एक पाऊल टाकू शकत नव्हती. केशरबाई तिच्याशेजारी मटकन बसली. मलाही वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तेवढ्यात चंद्रभागाबाई भरली घागर घेऊन दारात आल्या आणि सारं बघून जागच्या जागी थांबल्या.

"उद्यापासनं हिला पाठवत न्हाई, बाई," केशरबाई खाली मान घालून म्हणाली.

"मी काय कमी केलं वो, केशरबाई?"

"कमी न्हाई. लई केलं तुमी. तिच्या वाटचं बी तुमीच केलं."

चंद्रभागाबाईंनी घागर खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. कडू एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दूध सोसायटीच्या उतारापर्यंत केशरबाई कशीबशी आली, पण वर चढायला तिचा पाय उचलेना. त्या बाईला आपण काय काय बोललो होतो, ते तिला आठवत असणार. कडू कडेवर, मी हातात, आणि ती तशीच उभी. शेवटी सत्यभामाबाईच खाली आल्या. त्यांनी मागचं काही काढलं नाही. मला उलटा करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, चाक गेलंय की ह्याचं. आधी म्हाळूकडं न्या. गाड्याबिगर ही शाळेत कशी फिरंल?"

म्हाळूनं नवं चाक घातलं. पोर वाढली होती, म्हणून दांडीही वर घेतली. सत्यभामाबाईंच्या सांगण्यावरून त्यानं पुढच्या बाजूला एक आकडा ठोकला. त्या आकड्याला कडीचा तांब्या अडकवायचा आणि सगळ्या पोरांना पाणी द्यायचं काम कडूचं. पहिल्या दिवशी ती उभीही राहू शकली नाही. पुढं कितीतरी दिवस दोन पावलं आणि बसणं, दोन पावलं आणि बसणं. सत्यभामाबाई जवळ असायच्या, हात पुढं असायचा, पण कडूनं आपणहून धरल्याशिवाय तो तिला सावरायला जायचा नाही. मोरीच्या भिंतीला त्यांनी बांबूची दांडी बसवून घेतली. आणि कडू जागेवर येऊन बसल्याशिवाय गोष्ट सुरू करायची नाही, असा नियम केला.

पोरं आधी वैतागली. "कडे, ये की लवकर!" म्हणून ओरडायची. हळूहळू त्यांना थांबायची सवय झाली. कोणी म्हटलं नव्हतं, तरी वाटेतली दप्तरं बाजूला सरकायला लागली.

पाणी मात्र सांडायचं. दुष्काळात सांडलेलं पाणी लोकांच्या जिवाला लागतं. पोराला न्यायला आलेली एक बाई एकदा चिडून म्हणालीच, "हंड्या-हंड्यासाठी आमी भांडावं अन् हितं पाण्याचा खेळ?"

"अर्धाच तांब्या असतो तो," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माझ्या घरच्या हंड्यातला हाय. सांडू द्या थोडं."

हंगाम संपला आणि एका सकाळी टोळीचा ट्रक परत आला. आश्रुबा अन् वत्सला घरी न जाता, ट्रकपाशी न्यायला आलेल्या केशरबाईबरोबर तसेच सोसायटीच्या खोलीपाशी आले. अंगावर धूळ, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. कडूनं आतून बापाचा आवाज ओळखला. तिनं माझी दांडी धरली आणि आम्ही दारात आलो.

आश्रुबानं तिला बघितलं आणि दोन्ही हात पसरून तो उतारावर धावत यायला निघाला.

"थांबा, दादा!" कडू ओरडली; बापाला ती दादाच म्हणायची. "मी येती."

तो थांबला. उतार चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे चाकवाल्यांना ठाऊक असतं. मी पुढं पळू बघत होतो आणि कडू मला मागं ओढून धरत होती. एक पाऊल. मग थांबणं. मग दुसरं. मधे तिचा तोल गेला तेव्हा आश्रुबाचे हात आपसूक पुढं आले. केशरबाईनं मागून त्याचा सदरा धरला. वत्सलानं तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. फडावर दिवसभर वाकून ऊस तोडणारा माणूस तो, पण लेक तेवढा उतार उतरेपर्यंत नुसतं उभं राहणं त्याला जड गेलं, हे मी त्याच्या तोंडावर बघितलं.

आम्ही खाली पोचलो. कडूनं माझी दांडी सोडली. धापा टाकत ती बापाकडं बघून हसली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "आता घ्या."

मित्रांनो, कडूनं गाडा कधीच पूर्ण सोडला नाही, आणि त्यात लाज वाटावी असं काही नव्हतं. ती उंच झाली की म्हाळू माझी दांडी वर घ्यायचा. पुढं तिला माझ्याहून मोठा नवा गाडा मिळाला. मी त्याच खोलीत राहिलो आणि दुसऱ्या एका लेकराच्या हाती गेलो. आता माझा आख कुरकुरतो, वर्षातून एकदा एरंडेल मिळालं तरी पुरे. पण तुमच्याकडे मागायचं आहे ते तेल नाही. आपल्या धाकट्या भावंडासाठी कधी शाळा बघायला गेलात, तर भिंतींवरचे मोर जरूर बघा, आणि तिथं एखादं लेकरू पडलं की बाई काय करतात, तेही बघा. तुमच्या वर्गात कोणी हळू चालणारं, हळू बोलणारं असेल, तर त्याच्या वाटचं तुम्ही करू नका. हात पुढं करा आणि थांबा. आणि त्यानं "आता घ्या" म्हटलं की मग मात्र क्षणाचाही उशीर करू नका.