उपासाच्या दिवशीची पट्टी

"उठल्याउठल्या बघायचं, पाण्याचा घोटही घेण्याआधी. कळलं का गं?" मोठ्या जावेचं हे बोलणं धाकटीच्या मनात पहाटेपासून घोळत होतं.

मागच्या आठवड्यात पाळी चुकली, तशी तिने त्याच संध्याकाळी घरी गर्भचाचणीची पट्टी लावून पाहिली होती. त्या दिवशी तिचा नुसत्या पाण्यावरचा उपास होता. एकच रेघ उमटली आणि इतक्या वर्षांची आशा धरून बसलेला तिचा जीव खचला.

दवाखान्यात नर्स असलेली जाऊ ते ऐकून आधी हसलीच. "अगं वेडे, उपास देवाला चालतो, पट्टीला नाही! दिवसभर पाणी ढोसून लघवी पातळ झाल्यावर रेघ उमटणार कशी? त्यात तुझी घाई. आठवडाभर थांब. आणि काहीही दिसलं तरी दवाखान्यात येऊन खात्री करायची. शब्द दे."

तिने दिला होता.

आज नव्या पट्टीवर खिडकीच्या उजेडात दुसरी रेघ दिसली. फिकट, पण होती. तिने हात जोडले. देवाचे आभार मानताना जावेचंही नाव ओठांवर आलं. झोपलेल्या नवऱ्याला हलवून उठवावं असं फार वाटलं. पण तिने चपला सरकवल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि ती दवाखान्याच्या वाटेला लागली.