सोयऱ्यानं बांधलेलं इंजिन

नांदगाव पेठच्या पुढे हायवेवर माझ्या गाडीचं इंजिन जाम झालं, तेव्हा मागे कापसाच्या गाठी भरलेला ट्रक होता. चाकं जागच्या जागी धरली, गाडी आडवी फिरली, आणि कसाबसा क्लच दाबून मी ती कडेच्या मातीत घातली. ट्रकवाला शिव्या देत निघून गेला. त्याच्या जागी मी असते तर उतरून दोन ठेवून दिल्या असत्या.

गाडी म्हणजे जुनी होंडा सिटी. मातीच्या मैदानावरच्या शर्यतींत मी ती पळवते. मूळ इंजिन थकलं म्हणून जास्त ताकदीचं दुसरं बांधून घेतलं. कुणाकडून? तर माझी नणंद चंदा, तिच्या दिराकडून. मनोज त्याचं नाव. अकोल्यात गॅरेज आहे, वर भला मोठा बोर्ड आहे, 'रेसिंग स्पेशालिस्ट'. त्यानं आधी कुणाची इंजिनं बांधली, ती आज चालतात की भंगारात गेली, हे आमच्या घरात एकानंही विचारलं नाही. घरचा माणूस ना! घरच्या माणसाला विचारणं म्हणजे पाप.

फोन केला तर म्हणतो, "वहिनी, तुमी गाडी लय पिळली." अरे, शर्यतीची गाडी पिळायची नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायची?

वर सासूबाईंनी, म्हणजे सुभद्राबाईंनी, निकालही देऊन टाकला. "पुन्हा मनोजलेच दे. दुसऱ्याकडं नेली तं त्यायचं नाक कापल्यासारखं होईन. मंग चंदाले उठता-बसता टोमणे. तिले त्याच घरात राहाचं हाये."

"अन् मले त्याच गाडीत बसाचं हाये!" मी ओरडलेच. "आई, माहं स्थळ आलं तवा तुमी माह्या माहेरी, अंजनगाव सुर्जीत, कोणाले सोडलं? गिरणीवाल्याले विचारलं, दूधवाल्याले विचारलं, शाळेतल्या बाईले विचारलं. अन् ज्याच्या भरोशावर माहा जीव, त्याची काईच चौकशी नाही?"

हे मात्र बरोबर वर्मी बसलं. अख्ख्या भावकीत स्थळाची चौकशी करावी तर सुभद्राबाईंनीच, असा त्यांचा लौकिक. "चाल उद्या अकोल्याले," त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. "चौकशी कशी करतात ते पाह्य."

शर्यतीतल्या पोरांनी मला अकोल्याच्याच शेखरचं नाव दिलं होतं. आई त्याच्या गॅरेजकडे फिरकल्याच नाहीत. "नवरदेवाले कोणी विचारते का, तू कसा हायेस म्हणून?" आधी त्याच्या गिऱ्हाइकाकडे. एका फळव्यापाऱ्याच्या ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "त्यानं बांधलेलं इंजिन बिघडलं का कधी?"

"एकदा बिघडलं."

"मंग?"

"मंग काय, माह्यासमोरच खोललं. म्हणे, हे मीच चुकलो. पुन्हा बांधून देलं."

आईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. चूक कबूल करतो, म्हणजे पोरगं चांगलं. इंजिनांचे इतके व्हिडिओ पाहून मला जे सुचलं नव्हतं, ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत काढून घेतलं. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि त्याचाही राग आला. ही अक्कल आधी कुठे गेली होती?

तिथून आम्ही भगवंतभाऊंच्या वर्कशॉपमध्ये गेलो. इंजिनाचे सिलिंडर घासून नव्या मापाचे करतात तिथे, अकोल्याचे सगळे मेकॅनिक त्यांच्याकडेच येतात. "शेखर?" ते हसले. "लय डोकं खाते. माप थोडंसं चुकलं तरी काम परत करते." एवढं पुरे होतं. पण आईंना सवय. उठता उठता त्यांनी विचारलं, "अन् आमचा मनोज?"

भगवंतभाऊ फडक्यानं हात पुसत राहिले. "चांगले लोक हायेत बाई. पण आणखी दोन जागी विचारून पाहा."

आमच्याकडे कुणाच्या स्थळाबद्दल तोंडावर वाईट सांगत नाहीत. लग्न मोडल्याचं पाप कोण डोक्यावर घेईल? ज्याला 'नाही' म्हणायचं असतं, तो एवढंच म्हणतो. शहाण्यानं तिथूनच मागे फिरायचं.

आई मात्र पुन्हा खाली बसल्या. "चंदाच्या वेळेस त्यायची शेजारीण असंच म्हणाली होती," त्या हळूच बोलल्या.

"मंग?"

"माह्या भावानं आणलेलं स्थळ. घरचंच. भावाच्या शब्दावर आणखी कोणाले विचाराचं?"

माझं डोकं फिरलं. "चाल, चंदाकडं," त्या म्हणाल्या.

चंदाच्या घरी मनोज ओट्यावरच बसला होता. "या मावशी. गाडी आणली का?"

"गाडी शेखरकडं देऊन राहिले," मी म्हणाले. "तुमचं इंजिन तुमाले परत पाठवते. ओट्यावर ठेवा शोभेले."

तो माझ्यावर चिडला नाही. दाराशी चहा घेऊन आलेल्या चंदाकडे वळून म्हणाला, "पाह्यलं वहिनी, तुमच्या माहेरचा भरोसा? दादाले येऊ द्या, सांगतो." आतून तिची सासू काहीतरी बोलली. चंदानं मान खाली घातली. एवढी सवयीनं घातली की माझ्या अंगाची आग आग झाली.

आईंनी चहा घेतला नाही. सगळ्यांसमोर, मोठ्यानं त्यांनी विचारलं, "चंदा, हे घर कसं हाये?"

चंदानं मनोजकडे पाहिलं. मग आईकडे.

"चांगले लोक हायेत, आई," ती म्हणाली. "पण आणखी दोन जागी विचारून पाहा."

आई उठल्या. "पिशवी भर," त्या म्हणाल्या.