चौदा तारखेची रात्र

पुनमने बॅग ताणकाट्याला अडकवून उचलली, काटा पाहिला आणि बॅग पुन्हा खाली ठेवली.

"अजून जास्तच भरतेय, आई."

"मग त्याचं बूट काढ," सासूबाई म्हणाल्या. "पायात घालंल. पायाचं वजन कोण करतंय?"

सासूबाई, म्हणजे भागूबाई, कालच चाकणजवळच्या गावाहून रावेतला आल्या होत्या. कांद्याच्या गोण्या तोलायचा हा काटा त्यांनीच आणला होता. तिकिटं सगळ्यात स्वस्त होती, त्यामुळे सोबत फक्त हातातली बॅग, माणशी सात किलो. पुनमने नवऱ्याचे, गोरक्षचे बूट बाहेर काढून दाराशी ठेवले. तिची पाठ वळताच भागूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचं पुडकं बॅगेच्या कडेला कोंबलं. पुनमने बॅग पुन्हा तोलली तर काटा अजून सातच्या पुढेच.

जायचं होतं व्हिएतनामला, पाच दिवस. व्हिएतनामच का, तर तेवढंच परवडत होतं. नवरा-बायको दोघंही चाकणच्या वेगवेगळ्या कंपन्यांत. तिची पहिली शिफ्ट असली की त्याची दुसरी, त्याची पहिली आली की तिची तिसरी. लग्न झाल्यापासून घरात एकाचं ताट नेहमी झाकून ठेवलेलं. पाच दिवस एका वेळेला, समोरासमोर बसून जेवायचं, यासाठी दोघांनी वर्षभर सुट्ट्या राखून ठेवल्या होत्या.

आज तेरा तारीख. पुनमची सुट्टी सुरू झाली होती, गोरक्षची उद्यापासून. तो दुसऱ्या शिफ्टला गेला होता. विमान चौदा तारखेला रात्री पाऊण वाजता, मुंबईहून. म्हणजे उद्या दुपारपर्यंत झोप काढायची आणि सावकाश निघायचं.

साडेचारच्या सुमारास विमान कंपनीचा मेसेज आला. पुनमने तो वाचला, परत वाचला आणि पलंगावर बसली.

"आई, विमान आज रात्रीच आहे."

"आज कसं? चौदाच्या रात्री म्हनलीस ना?"

"रात्री बारानंतर तारीख बदलते."

"कुणाची?"

कंपनीत चौदाच्या रात्री लागलेली तिसरी शिफ्ट सकाळी सुटेपर्यंत चौदाचीच. हजेरी तशी लागते, पगार तसा निघतो. भागूबाईंच्या हिशेबाने तर दिवस उगवेस्तोवर रात्र मागच्याच दिवसाची. विमान कंपनीला यातलं काही माहीत नव्हतं. तिकीट काढलं त्या दिवशी दोघांनी तारीख नीट तपासली होती, आणि दोघंही चुकले होते.

गोरक्षचा फोन बंद. शिफ्टवर सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये असतात. पुनमने गेटवर फोन लावला.

"लाइनीवरच्या मान्साला बोलवता येत न्हाई, ताई."

"कोण, भैरू हाय का?" भागूबाईंनी फोन हिसकावला. भैरू त्यांच्याच गावचा, कंपनीत वॉचमन. "भैरू, मी भागू. गोरक्षला गेटावर बोलीव."

"आक्का, साहेब मला घरी बसवंल."

"बस की मग. तुझ्या बायकोला तेवढंच बरं वाटंल."

थोड्या वेळाने गोरक्षचा फोन आला. पुनमने एका दमात सांगितलं.

"माझ्या जागी माणूस उभा राहिल्याशिवाय सोडणार नाहीत," तो म्हणाला. "बघतो. तू निघ. नाहीच सुटलो तर एकटी जा. पैसे तरी वाया नको जायला."

"एकटीनं जेवायला इथलं घर काय वाईट आहे?"

मग तो म्हणाला, "सोमाटणे फाट्यावर थांब."

दोन्ही पासपोर्ट, दोन्ही बॅगा घेऊन पुनम टॅक्सीने सोमाटणे फाट्यावर पोचली. रस्त्याकडेला गाडी लावून ड्रायव्हर घड्याळ बघत होता.

"मॅडम, घाटात गर्दी असणार. आता निघालो नाही तर माझं नाव सांगायचं नाही."

"थांबा."

"अहो, विमान थांबत नाही."

"मी थांबतेय ना?"

त्याने इंजिन बंद केलं. अंधार पडत आला. परत फिरायचं तर रावेत फार लांब नव्हतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात तळेगावच्या बाजूने आलेला कांद्याचा एक टेम्पो पुढे जाऊन थांबला आणि त्यातून गोरक्ष उतरला. अंगावर कंपनीचा गणवेश, केसांत कांद्याची टरफलं.

"माझ्या जागी निरंजन आला," गाडीत बसत तो म्हणाला. "तिसरी शिफ्ट होती त्याची. झोपेतून उठून आला. आता सकाळपर्यंत उभा राहणार."

"त्याच्यासाठी काही आणायला हवं."

"विचारलं मी. म्हणाला, राव, मिळाली तर तिकडून थोडी झोप आण."

ड्रायव्हर हसला. पुनमची नजर गोरक्षच्या पायांवर गेली. लोखंडी टोपीचे, ऑइलने माखलेले सेफ्टी शूज.

"तुझे बूट दाराशी राहिले."

"असू दे. पायाचं कोण वजन करतंय?"

"आईसुद्धा हेच म्हणाल्या."

गाडी एक्स्प्रेसवेला लागली. ड्रायव्हरने स्वतःहूनच सांगितलं की रस्ता मोकळा दिसतोय, वेळेत पोचू. भूक लागल्याचं आधी गोरक्ष म्हणाला. पुनमने बॅग उघडली तर कपड्यांच्या कडेला दशम्यांचं पुडकं.

"तरीच वजन उतरत नव्हतं," ती म्हणाली.

पुडकं दोघांच्या मध्ये उघडून ठेवलं आणि दोघं जेवायला लागले. घाट सुरू होण्याआधीच गोरक्षला झोप लागली. अर्धी दशमी हातातच राहिली होती. पुनमने ती काढून घेतली, पुडक्यात गुंडाळणार होती, मग चटणीला लावून खाऊन टाकली.