खातेदार समोर हवा

"तुम्ही चोर आहात," तो फोनमध्ये म्हणाला. "आणि साधे चोर नाही. साधा चोर माल घेऊन पळून तरी जातो. तुम्ही मेलेल्या माणसाच्या घराला आतून कडी घालून बसलात, आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला म्हणताय, मालकाला पाठवा!"

विमानाच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. पलीकडची मुलगी शांत होती. अशा शांतपणाचं रीतसर शिक्षण देतात, हे त्याला ठाऊक होतं. ते शिक्षण देणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्यानेच लेख लिहिला होता आणि पाचपैकी चार तारे दिले होते.

"तुमची अडचण मी समजू शकते सर. खातेदारांना जरा फोनवर देता का?"

"खातेदार वारले. उद्या सहा महिने होतील. तिसऱ्यांदा सांगतोय."

"ओह. सॉरी सर." कळफलकाची टकटक ऐकू आली. "मग ते उपलब्ध झाले की त्यांना फोन करायला सांगा. आणखी काही मदत करू शकते का?"

त्याने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. हातातल्या भाकरीत अळी दिसावी तसं.

तो ब्लॉगर होता. नवा फोन आला, नवं घड्याळ आलं, झाडूपोछा करणारं यंत्र आलं की कंपन्या त्याला विमानाने बोलवायच्या, हॉटेलात ठेवायच्या, पहिल्या रांगेत बसवायच्या, आणि तो लिहायचा. लाखभर लोक वाचायचे. महिन्यातले वीस दिवस तो घराबाहेर. कुठल्या विमानतळावरचे कुठले प्लग मेलेले आहेत हे त्याला पाठ होतं, आणि जिवंत प्लगांभोवती माणसं पाणवठ्यावर जनावरं बसावीत तशी बसतात, असंही त्याने एकदा लिहिलं होतं. ते वाक्य त्याच्या थोरल्या भावाला फार आवडलं होतं. दादा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. धाकटा घरी आला, की खिशाखिशांतून लोंबणाऱ्या वायरी बघून तो दुकानातूनच ओरडायचा, "अगं, चार्जर आला बघ!"

चार्जर. सगळ्या जगात त्याला आडनावाने ओळखायचे, घरात या नावाने.

दादा दुकानातच गेला. यंत्रावर मान टाकून बसला होता. वहिनीला वाटलं, सुई बघतोय.

दादाच्या फोनमध्ये एक तिजोरी होती. तिजोरी म्हणजे कंपनीने दिलेली जागा, चेहरा दाखवला की उघडणारी. दादा कुठलंही यंत्र खोलताना त्याचं चित्रीकरण करायचा, म्हणजे पुन्हा जोडताना कुठला स्क्रू कुठला ते कळावं. शेकडो तुकडे होते. त्यांत त्याचा चेहरा कुठेच नव्हता. होते फक्त काळे झालेले हात, आणि आवाज. "हा दात झिजलाय बरं का. हा बदलायचा. अगं, दिवा जरा इकडे कर. इकडे म्हटलं की तू तिकडेच कर." आणि मागे वहिनीचं हसणं.

सहा महिने तिजोरी उघडली नाही तर कंपनी आतलं सगळं पुसते. वहिनीने तीनदा फोन केला होता. पहिल्यांदा तो एका प्रदर्शनात होता, दुसऱ्यांदा टॅक्सीत, तिसऱ्यांदा हॉटेलात. तिन्ही वेळा तो म्हणाला, "आल्यावर बघतो वहिनी. पाच मिनिटांचं काम आहे."

फाटकावरच्या बाईने त्याचं तिकीट मागितलं. विमान जाणार होतं त्याच कंपनीच्या सोहळ्याला. तो रांगेतून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात पोचला तेव्हा वहिनी एका गिऱ्हाइकाला पट्टा बदलून देत होती. तिने वर बघितलं, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"आलात. मला वाटलं, पुढच्या जन्मी याल."

"वहिनी, फोन कुठेय?"

"चार्जिंगला आहे. रोज लावते. दर सोमवारी वाजतो." तिने तो आणून समोर ठेवला. "वाचा. काल आलंय."

पडद्यावर लिहिलं होतं: बरेच दिवस दिसला नाहीत! आम्हाला तुमची आठवण येते.

"मेल्याला विचारतात, दिसला नाहीत," वहिनी म्हणाली. "पहिल्या वेळी माझ्या हातातून पक्कड पडली. आता वाजला की मीच म्हणते, हो बाबा, आम्हालाही येते."

त्याने अर्धा दिवस विमानात विचार केला होता. लेखी अर्ज, मृत्यूचा दाखला, कंपनीतला ओळखीचा अधिकारी, शेवटच्या आठवड्यात सगळं करून झालं होतं. अधिकाऱ्याने तर 'तुझ्या दुःखात सहभागी आहे' असं लिहून पुढच्या सोहळ्याचं आमंत्रण जोडलं होतं. एकच वाट उरली होती, आणि ती तोंडातून काढायलाही जड जात होती.

"वहिनी, आम्ही दोघं दिसायला सारखे होतो ना?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती हसली. सहा महिन्यांत त्याने तिला हसताना बघितलं नव्हतं. "तुम्ही? ते उन्हातलं वांगं आणि तुम्ही फ्रिजमधली काकडी!"

"यंत्राला रंगाशी देणंघेणं नसतं. हाडं बघतं ते. नाक, डोळ्यांमधलं अंतर. आणि जिवंत आहे का ते बघायला पापणी लववायला सांगतं."

"आणि तीन वेळा चुकलं तर?"

"तर बंद."

वहिनीने शटरकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "आज रात्री तसंही बंदच होणार आहे," ती म्हणाली. "बसा."

त्याला तिने दादाच्या स्टुलावर बसवलं. त्याची दाढी गेली, मिशी ठेवली. मग तिने कापड कापायची मोठी कात्री घेतली आणि त्याच्या केसांना हात घातला. दादाचे केस तीच कापायची. तिची बोटं न विचारता कानामागे गेली, मान पुढे दाबली, आणि तो हलला नाही.

"तुमचा लेख वाचला मी," ती पाठीमागून म्हणाली. "तिजोरीवरचा."

"कधी?"

"सगळेच वाचते. दुकानात दुपारी काय काम असतं? तुम्ही लिहिलंय, मेलेल्याचा फोटो दाखवून ही तिजोरी उघडत नाही, चोर असो की सख्खी बायको." कात्री चालत होती. "खाली चित्र दिलंय. ह्यांच्याच तिजोरीचं. सुरक्षितता शंभर टक्के, हिरवं."

त्याची नजर मांडीवर पडलेल्या केसांवर गेली.

"ते मला म्हणाले होते, तुझं नाव घातलंय वारस म्हणून. चार्जरनेच घातलं, माझ्यासमोर. मग मी लेख वाचला त्या दिवशी बसून बघितलं. माझ्याच फोनवर तशी तिजोरी उघडली. वारस घातला की शंभर होत नाहीत भाऊजी. ब्याऐंशी होतात. पिवळे."

कात्री त्याच्या कानाशी थांबली. बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली, आवाज दिला, निघून गेलं.

काय झालं होतं ते अगदी साधं होतं. त्याने नाव घातलं. टक्क्यांचा काटा पिवळा झाला. लेखातल्या चित्राला हिरवा हवा होता. त्याने नाव काढलं, चित्र घेतलं, आणि बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवायला लागला. नंतर टाकू, असं त्याने मनात म्हटलं होतं. कुठल्या राक्षसाने बनवलं असेल असं यंत्र, ज्यात बायकोचं नाव लिहिलं की सुरक्षितता कमी होते? पण बनवणाऱ्यांना शिव्या घालून त्याची सुटका नव्हती. त्या काट्याला त्याने पाच तारे दिले होते.

"वहिनी..."

"हलू नका. कान कापला जाईल." केस पुन्हा पडायला लागले. "मला भांडायचं असतं तर फोनवरच भांडले असते. मला आवाज पाहिजे. फोटो आहे माझ्याकडे, कपडे आहेत, गिऱ्हाइकं आहेत. आवाज जातोय. परवा दिवा इकडे कर म्हणायचे ते आठवायला बसले, तर माझ्याच आवाजात आठवलं."

तिने दादाचा दुकानातला शर्ट आणला. तेलाचे डाग धुऊनही गेले नव्हते. चष्मा आणला. त्याने घातला आणि दुकान एकदम धुरकट झालं. लांबचं काहीच दिसेना. दिसत होता फक्त हाताजवळचा उजेड. दादा आयुष्यभर एवढ्याच जगात राहिला, हे त्याला त्या चष्म्यातून पहिल्यांदा कळलं.

पहिला प्रयत्न. चेहरा चौकटीत आणा. पापण्या मिटा. उघडा.

जुळत नाही. दोन प्रयत्न शिल्लक.

"कसं जुळेल?" वहिनी चिडली. "ताठ बसलात, मुलाखतीला आल्यासारखे. ते असे बसायचे का? डावा खांदा पाडा. आणखी. डावा डोळा बारीक. सुईत बघून बघून तो तसाच राहिला होता. तोंड मिटा, ते दाखवण्यासाठी हसायचे नाहीत. आता थकल्यासारखं बघा."

"किती थकल्यासारखं?"

"दुपारचं. संध्याकाळचं नाही."

त्याने खांदा पाडला. डोळा बारीक केला. दुपारचा थकवा कसा असतो त्याला माहीत होता, पण तो विमानतळावरचा. त्याने तो टाकून दिला आणि दादाचा शोधला. दिवसभर वाकून बसलेला, घरच्या चार भिंतींतला, जेवणाची वाट बघणारा. कुठूनसा आला तो. मानेत उतरला, मग पापण्यांत. आणि वहिनी, जी मघापासून समोर फोन धरून उभी होती, तिचा आवाज अचानक खाली आला.

"अहो, मान जरा वर करा ना."

दोघंही थिजले. वहिनी त्याला कधी अहो म्हणत नसे. शब्द बाहेर पडला होता आणि परत घेता येत नव्हता. त्याला मागच्या अंधारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, वळून बघायची छाती झाली नाही. फोनने त्याच क्षणी पापणी टिपली.

जवळपास जुळते. एक प्रयत्न शिल्लक.

वहिनी खाली बसली. सुट्या भागांच्या डब्यावर, फोन मांडीवर ठेवून.

"जवळपास," ती म्हणाली. "ऐकलंत?"

"आता होईल वहिनी. आणखी थोडंच कमी पडतंय."

"राहू द्या."

"का?"

"झालं तर?"

"झालं तर चांगलंच ना. आवाज मिळेल."

"आवाज मिळेल." तिने पदराने फोनची काच पुसली. "पण म्हणजे तिजोरीने तुम्हाला 'हे' समजून आत घेतलं, असं होईल. जगात एकच वस्तू होती जी ह्यांच्याशिवाय कुणाला उघडत नव्हती. मलासुद्धा नाही. मला तिचा राग येतो, शिव्या देते तिला. पण ती तरी फसायला नको, असं वाटतं. वेडेपणा आहे."

लाखभर लोकांना काय विकत घ्यावं हे सांगणारा माणूस तो, पण शेवटी वहिनीनेच ठरवलं. ती उठली, डोळे पुसले, फोन धरला.

"चला. आवाजापुढे मला काही मोठं नाही. बघा माझ्याकडे."

त्याने बघितलं. सगळं जमलं होतं: खांदा, डोळा, मान. वहिनीने श्वास धरला होता. त्याने पापण्या मिटल्या, आणि मिटल्या तेवढा वेळ त्याने खरोखर मागितलं, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाकडे ते माहीत नसताना, की एवढा एक क्षण मी मी नको.

उघडल्या.

फोनने वेळ घेतला. मग पडदा लाल झाला.

तुमच्या सुरक्षिततेसाठी आतील सर्व साठा नष्ट करण्यात आला आहे.

वहिनीने ते एकदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्याने. त्याने चष्मा काढला. दुकान पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं: पट्टे, दोऱ्याची रिळं, अर्ध्या शटरखालून आत आलेलं ऊन, आणि त्यात पडलेले त्याचे केस.

फोन पुन्हा वाजला. या वेळी पडद्यावर फोटो होता. पाडलेला खांदा, बारीक डावा डोळा, तेलाचे डाग, मिशी. खाली मजकूर होता. वहिनीने सावकाश, अक्षर लावल्यासारखं वाचलं.

"अभिनंदन. तुमच्यासारख्या दिसणाऱ्या एका व्यक्तीने तुमच्या तिजोरीत शिरण्याचा प्रयत्न केला. आम्ही तिला अडवलं आहे."

ती त्या फोटोकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय येतंय आणि काय जातंय हे तो स्टुलावरून बघत होता. त्याचं उभं राहायचं धाडस होत नव्हतं, कारण तो उठला असता तर तो खांदा सरळ झाला असता.

"आणखी खाली काही आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"काय?"

तिने फोन त्याच्याकडे वळवला नाही. अंगठा काचेवर अधांतरी धरून तिने वाचलं.

"तुम्ही या माणसाला ओळखता का? हो किंवा नाही. उत्तर द्या."