आवाज काढून टाकलेल्या सहली

“बाबा, आपल्या सहलींमध्ये कुणीच का बोलत नाही?”

हा प्रश्न माझा नव्हे. लंबू आणि चष्मिस या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो तयार केला होता आणि पैज अशी होती, की बाबांना तो घरी गुपचूप विचारायचा नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात दुकानवाल्या बाईंसमोर विचारायचा. मागच्या वर्षी मला असं कुणी सांगितलं असतं तर मी आईच्या पदराआड गेले असते. पण यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन मी केलंय, तेही पडदा अडकलेला असताना, त्यामुळे आता मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. स्वतःच्या तर नाहीच.

झालं असं होतं, की दोघी आमच्याकडे आल्या तेव्हा मी कौतुकाने मागच्या सहलीची सीडी लावली. पडद्यावर तळं, होडी आणि आम्ही. आई काहीतरी सांगतेय, मी हातवारे करतेय, आजोबा तोंड एवढं मोठं उघडून ओरडतायत, आणि ऐकू काय येतंय, तर बासरी. चष्मिस म्हणाली, “अगं, हे तर काचेच्या भांड्यातले मासे.” मग दोघी सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले. आमच्या सगळ्याच सहली अशा आहेत. मी दुपट्यात होते तेव्हापासून.

त्याला कारण बाबा. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. आईही तिथेच बसते, काड्या वाकवून लोकांच्या कानांवर नीट बसवते. आमच्या घरात जे काही आहे ते डोळ्यांसाठी. बाबा सहलीत सगळं कॅसेटवर घ्यायचे, घरी आल्यावर त्यातला आवाज काढून टाकायचे, कारण तो त्यांच्या मते नुसता गोंगाट, मग त्यावर बासरी नाहीतर पियानो चढवून सीडी करायचे. आणि पुढच्या सहलीला तीच कॅसेट, त्याच शूटिंगवर नवं शूटिंग. कोरी कॅसेट कशाला, आहे ती चांगली चालतेय की, असं त्यांचं म्हणणं.

जुना कॅमेरा अखेर बंद पडला म्हणून आम्ही त्या दुकानात गेलो होतो. बाईंनी काउंटरवर तीन कॅमेरे मांडले होते. बाबांनी सवयीप्रमाणे प्रत्येकाच्या भिंगावर फुंकर मारली, खिशातल्या फडक्याने ते पुसलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं. आई कोणता आपल्या पर्समध्ये मावतो ते बघत होती. सगळ्यात छोटा तिच्या मुठीत मावत होता, बाबांना त्याचं चित्रही आवडलं होतं, म्हणजे निर्णय झाल्यातच जमा होता.

आजोबा स्टुलावर बसले होते, गळ्यात रुमाल आणि रुमालावर दोरीने अडकवलेली पाटी. यंदा ते सहलीला येणार नव्हते. हिवाळ्यात त्यांच्या घशातली गाठ काढताना डॉक्टरांना आवाजाची पेटीच काढावी लागली. आता ते गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात, त्यामुळे पाणी नको, धूळ नको. पण खरं कारण ते नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी पाटीवर लिहून दिलं होतं, “तुम्ही जा. मला आल्यावर दाखवा.” कॅमेऱ्याची एवढी घाई त्यासाठीच चालली होती. बघणारे तेच, म्हणून निवडायलाही त्यांना आणलं होतं.

आणि मी तो प्रश्न विचारला.

बाई हसल्या. बाबाही हसले आणि गिऱ्हाइकाला समजावतात तसं सांगायला लागले. “अगं, आवाजात असतं काय? वारा असतो, गाड्या असतात, तुझी किरकिर असते, आणि आजोबांचा लिलाव तर सकाळपासून...”

वाक्य तिथेच राहिलं. बाबांच्या हातातलं फडकं भिंगावर होतं, तेही तिथेच राहिलं.

लिलावाचं सांगायला हवं. आजोबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. व्यापारी त्यांना भोंगा म्हणत, तोंडावरच, आणि आजोबांना त्याचा अभिमान होता. नोकरी सुटली पण पुकारणं सुटलं नाही. सहलीला गेलो की ते दिसेल त्याचा लिलाव काढायचे. डोंगर विकायचे, हॉटेलातली कळकट उशी विकायचे, मला तर दरवर्षी एकदा तरी विकायचेच. एक वार, दोन वार, आणि तीन वार म्हणताना हात असा वर जायचा की अनोळखी माणसंही बोली लावायची. एका आजीबाईंनी मला खरोखर मागितलं होतं. आवाज गेल्यावर त्यांनी सहलही सोडली, ती यामुळेच.

आईने अगदी हळू विचारलं, “मूळचं कुठल्याच कॅसेटवर नाही?”

बाबांनी नकारार्थी मान हलवली. मागच्या सहलीवरही त्यांनी माझं स्नेहसंमेलन घेऊन टाकलं होतं. आजोबा आमच्याकडे बघत नव्हते. ते तो छोटा कॅमेरा उलटसुलट करून बघत होते, फार बारकाईने, जणू त्यांना त्यातलं सगळं कळत होतं. आम्ही काहीही न घेता घरी आलो. दुकानवाल्या बाई दारापर्यंत सोडायला आल्या.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या सीडी लावल्या. बाबा टीव्हीला कान लावून जमिनीवर बसले होते. एक धून संपून दुसरी सुरू होते तिथे मूळचा आवाज काढायचा राहून गेलाय, बारीकशी फट आहे आणि त्या फटीतून खरा आवाज येतो, हे आईच्या लक्षात आलं. मग आम्ही फटी शोधत बसलो. एका फटीत वारा सापडला. एकीत आई “टोपी घाल” म्हणाली. आणि तळ्याच्या सहलीत, बासरी थांबल्यावर, आम्ही सगळे हसतोय. बाबासुद्धा, कॅमेऱ्यामागून, पोट धरून हसल्यासारखे. पडद्यावर आजोबांचा हात वर आहे. म्हणजे तीन वार झालेलं आहे. त्यांचा शब्द बासरीखाली गेला आणि आमचं हसणं तेवढं राहिलं.

बाबांनी ते कितीतरी वेळा मागे नेऊन लावलं. काय विकलं होतं, कुणालाच आठवेना. बाबा म्हणाले, छत्री. आई म्हणाली, छत्री त्याच्या आदल्या वर्षी, ह्या वेळी होडीवाल्याची मिशी असणार. शेवटी आम्ही आजोबांकडे वळलो. त्यांनी खडू हातात घेतला आणि लिहिलं, “आठवत नाही. भाव चांगला आला असेल.”

आम्ही हसलो. हसायलाच हवं होतं.

आजोबा झोपायला गेल्यावर बाबा आईला म्हणाले, “एकदा मी त्यांना म्हटलं होतं, शूटिंग चालू आहे, जरा हळू बोला.” मग म्हणाले, “आणि ते त्या दिवशी हळू बोलले होते गं.” आईने टीव्ही बंद केला. मी दाराशी उभी राहून ते ऐकलं.

लंबूला आणि चष्मिसला मी सांगितलं तेव्हा दोघी पैज वगैरे विसरून गेल्या. चष्मिस रडलीच. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी विचारायला लावलं नसतं, तर आम्ही याही वर्षी आजोबांसाठी पियानो घेऊन आलो असतो.

बाबा मात्र पुन्हा त्या दुकानाचं नाव काढेनात. सहल ठरलेली, तिकिटं काढलेली, आणि कॅमेऱ्याचा विषय निघाला की ते एखाद्याची चष्म्याची काडी दुरुस्त करायला घ्यायचे.

मी त्या दिवसांत आजोबांच्या जवळपासच असायचे. अभ्यासाला त्यांच्या टेबलावर बसायचे. आणि मला एक गोष्ट कळली. घरात सगळ्यात जास्त आवाज अजूनही तेच करतात. चहा हवा असला की बोटाने टेबलावर टकटक. मी गणितात चुकले की खडू पाटीवर करकरत जातो, आणि चूक मोठी असेल तर करकरही मोठी. रुमालाखालून श्वासाची बारीक शीळ येते. हसले तर ती शीळ तुटक तुटक होते, म्हणजे त्यांचं हसणंसुद्धा ओळखता येतं. आणि ह्या सगळ्याला आम्ही गोंगाटही म्हणत नव्हतो, ते आमच्या कानावरच येत नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी लंबूला घेऊन त्या दुकानात गेले. बाईंना म्हटलं, मला चित्र बघायचं नाही, ऐकायचंय. लंबूला काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसवून पाटीवर लिहायला लावलं आणि बाईंनी दोन कॅमेऱ्यांवर ते घेतलं. बाबांना आवडलेल्या त्या छोट्यात खडूपेक्षा कॅमेऱ्याच्याच मोटरची घरघर जास्त होती. मोठा कॅमेरा ओबडधोबड होता, पर्समध्ये तर मावणारच नाही, पण त्याला वेगळा माइक जोडायची सोय होती. त्यात खडू असा ऐकू आला, की लंबूने काय लिहिलं ते मी न बघता ओळखलं असतं. तिने माझं टोपणनाव लिहिलं होतं. ते इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. आजोबा गॅलरीत आरामखुर्चीत पेपर वाचत होते. आई डबे भरत होती, बाबा प्रवासाच्या बॅगेची अडकलेली चेन ओढत होते. मी खुर्ची सरकवून उभी राहिले.

“आई, बाबा, माझं ठरलंय. कॅमेरा तो मोठा घ्यायचा, वेगळ्या माइकवाला, आणि कॅसेटी कोऱ्या. तुम्ही दोघं सहलीला जा. मी येणार नाही. मी आजोबांजवळ घरी राहणार, आणि कॅमेराही इथे माझ्याजवळ राहणार. तुम्ही आलात की आम्ही तुम्हाला दाखवू. त्यातला आवाज कुणी काढायचा नाही, बाबा, तुम्हीसुद्धा नाही.”